कोसोव्होतल्या ‘घरशाळा’ की ‘शाळाघरं’?

प्रश्न असा: १९९०च्या दशकात कोसोव्होत (तेव्हा सर्बियाचा, अल्बानियन बहुसंख्य असलेला प्रांत) अल्बानियन भाषेतल्या शाळा लोकांच्या घरांत भरत. त्या घरांना अल्बानियनमध्ये ‘श्तपी-श्कोल’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं? गृहशिक्षण, भूमिगत शाळा की घरशाळा?

‘गृहशिक्षण’ आधी बाद करू. त्यात आईवडील आपल्या मर्जीनं मुलाला घरी शिकवतात. इथे मर्जी कुठली? १९८९ मध्ये सर्बियानं कोसोव्होची स्वायत्तता काढून घेतली आणि पाठोपाठ आपला अभ्यासक्रम लादला. अल्बानियन शिक्षकांनी तो नाकारला, तेव्हा त्यांचे पगार थांबले आणि माध्यमिकच्या बहुतेक वर्गांना इमारती सोडाव्या लागल्या. (प्राथमिकचे वर्ग पुष्कळ ठिकाणी शाळेच्या इमारतीतच राहिले, हे बऱ्याच लेखांत सुटतं.) मग लोकांनी आपली घरं दिली. राजधानी प्रिश्टिनातलं हेर्तिका कुटुंबाचं घर त्यांतलं विशेष प्रसिद्ध. वर्ग पाळ्यांत भरत, बाकं नसली तर मुलं जमिनीवर बसत, पण इयत्ता, परीक्षा सगळं रीतसर. दाखल्यावर शिक्का ‘कोसोव्हा प्रजासत्ताका’चा, म्हणजे अल्बानियनांनी स्वतःच जाहीर केलेल्या राज्याचा! शिक्षकांच्या तुटपुंज्या मानधनाला परदेशातल्या अल्बानियनांनी कमाईतून द्यायच्या ३ टक्क्यांचा आधार होता.

‘भूमिगत’ही मला पटत नाही. लाखो मुलं शिकत असलेली व्यवस्था लपणार कशी? पोलीस येत, शिक्षकांना मारहाण करत, तरी वर्ग भरत. लपवली जात ती फार तर वाटेवर कपड्यांखाली दडवलेली पुस्तकं.

राहिला ‘घरशाळा’. कानाला बरा वाटतो, पण साखरशाळा, रात्रशाळा, आश्रमशाळा या माळेत तो जाऊन बसतो, म्हणजे शाळेचा एक प्रकार होतो. शिवाय हल्ली तो गृहशिक्षणासाठीही वापरतात. अल्बानियन समासात मुख्य पद पहिलं असतं: ‘श्तपी’ म्हणजे घर. ‘ते घर’ असं निश्चित करून सांगायचं तर प्रत्ययही त्यालाच लागतो, ‘श्तपिया-श्कोल’. म्हणजे शाळा झालेलं घर. मराठी तत्पुरुषात मुख्य पद शेवटी येतं, तेव्हा ‘शाळाघर’ हाच सरळ प्रतिशब्द. देवघर, स्वयंपाकघर यांच्यामुळे कुणाला ती घरातली एखादी खोली वाटेल, म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘शाळेसाठी दिलेलं घर’ असा खुलासा जोडावा.

एकूण व्यवस्थेला मात्र ‘समांतर शिक्षणव्यवस्था’ हाच रुळलेला शब्द ठेवावा. १९९१ नंतर प्रिश्टिना विद्यापीठाचे अल्बानियन वर्गही घरांतच भरत. त्यांना शाळाघर म्हणणं ओढूनताणून होईल, तिथे ‘घरांत भरणारे वर्ग’ असंच लिहावं.