निवाडा ‘फेटाळला’ म्हणावं का?

सोलापुरात एका वकिलांच्या ऑफिसात मराठी टायपिंग करणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: “फेरीवाल्यांच्या कामात मी लिहिलं, ‘सोदान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिसचा निवाडा फेटाळला.’ साहेबांनी ‘फेटाळला’ला गोल केला आणि ते कोर्टात गेले. मग काय लिहायचं?”

ताई, गोल बरोबर जागी पडला आहे. फेटाळतात ते मागणं. अर्ज फेटाळतात, अपील फेटाळतात, जामीन फेटाळतात, फार तर युक्तिवाद फेटाळतात. जुना निवाडा कोर्टाकडे काही मागत नसतो. तो समोरच्या कामाला लागू होतो किंवा होत नाही.

तुमच्याच उदाहरणात पाहा. ओल्गा टेलिस हा १९८५ चा निकाल मुंबईत फुटपाथवर संसार मांडलेल्या लोकांचा. उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो, असं त्यात ठरलं. १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात दिल्लीचे फेरीवाले तोच अनुच्छेद घेऊन आले. कोर्टानं रस्त्यावर धंदा करण्याचा त्यांचा हक्क वाजवी निर्बंधांसह मान्य केला, पण तो व्यवसायस्वातंत्र्याखाली. अनुच्छेद २१ त्यांच्या कामाला लावला नाही. ओल्गा टेलिसला त्यामुळे धक्का लागला नाही, तो आजही उभा आहे. म्हणून लिहा, ‘गैरलागू ठरवला’. आपल्या खालच्या कोर्टांच्या मराठी निकालांत ‘वस्तुस्थिती भिन्न असल्याने सदर न्यायनिवाडा प्रस्तुत प्रकरणी लागू होत नाही’ असं वाक्य असतं. थोडं लांब आहे, पण चोख आहे. ‘डिस्टिंग्विश केला’ म्हणताना वकिलांच्या मनात हेच असतं. ‘फेटाळला’ वाचणाऱ्याला मात्र वाटेल की ओल्गा टेलिस संपला, आणि फुटपाथवर राहणाऱ्या माणसाच्या हातातला आधारच तुमच्या एका शब्दानं गेला. एवढ्यासाठी मी या शब्दाबाबत हट्ट धरतो.

निवाडा खरंच संपतो तेव्हा ‘मोडीत काढला’ म्हणावं. बंद गिरण्यांची यंत्रं मोडीत निघालेली पाहणाऱ्या सोलापूरकराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद सोलंकी हा २०१४ चा भूसंपादनाचा निवाडा घ्या. जमीनमालकानं मोबदला घेतला नाही म्हणून तो सरकारी तिजोरीत भरला, तर तो ‘दिला’ असं धरायचं का, हा त्यातला प्रश्न. कोर्ट म्हणालं, नाही धरायचं. पुढे कितीतरी निकालांनी तो अनुसरला. २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठानं तो मोडीत काढला, आणि त्याला अनुसरून दिलेले निकालही. अर्जात ‘मोडीत’ फार बोलीतला वाटला, तर ‘तो निवाडा आता कायदा म्हणून उरलेला नाही’ असं सरळ लिहा.

‘फिरवला’ वेगळा. त्याच कामात अपिलात वरच्या कोर्टानं निकाल उलटा केला, तर तो फिरवला. दुसऱ्याच्या कामातला जुना निवाडा कोणी फिरवत नाही.

राहिला ‘दाखला’. ‘रतलामचा दाखला दिला’ हे मराठी अस्सल आहे, मला आवडतंही. गटारांच्या तक्रारीत हा १९८० चा निवाडा हमखास निघतो: पैसे नाहीत ही सबब सांगून नगरपालिकेला स्वच्छतेचं कर्तव्य टाळता येत नाही. पण महापालिकेच्या कामात त्याच पानावर जन्माचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला असे चार दाखले असतात. तिथे ‘रतलामच्या निवाड्याचा आधार घेतला’ लिहावं. वकिलांचं म्हणणं मांडताना ‘निवाड्यावर भिस्त ठेवली’ हेही कोर्टात रुळलेलं आहे.

तुमचं वाक्य असं करा: ‘सोदान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिसचा निवाडा फेरीवाल्यांच्या बाबतीत गैरलागू ठरवला.’ ‘फेरीवाल्यांच्या बाबतीत’ हे शब्द गाळू नका.