नदीकाठची माती आणि विहिरीचे पाणी तपासण्यापूर्वी

आतड्यातले जिवाणू शोधण्यासाठी तुम्ही नागपूरच्या नाग नदीकाठची माती आणि जवळच्या विहिरीचे पाणी, असे दोन्ही तपासायला घेतले आहे, ही निवड मला मनापासून आवडली. आतड्यातले जिवाणू शरीराबाहेर पडताच मरतात, हा समज आधी मनातून काढून टाका. ऊन, कोरडेपणा आणि त्यांना खाणारे आदिजीव (सूक्ष्म एकपेशीय जीव) त्यांची संख्या घटवतात हे खरे. मात्र ओलसर, सावलीतल्या काळ्या मातीत चिकणमातीचे कण त्यांना आडोसा देतात आणि तिथे ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू कित्येक आठवडे, कधी काही महिनेही तग धरतो. म्हणूनच मे महिन्यातल्या भेगाळलेल्या वरच्या थराच्या एकाच नमुन्यावरून जमीन स्वच्छ असल्याचे लिहू नका. पाऊस पडल्यावर त्याच जागी पुन्हा जा आणि बोटभर खालची माती घ्या.

नवख्यांच्या चुका बहुधा नमुना घेतानाच होतात :

- नदीचा तळ ढवळला, की गाळातले जिवाणू वर येतात आणि आकडा फुगतो. माझे पहिले चार नमुने असेच वाया गेले.
- बाटली निर्जंतुकच हवी. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल, तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घाला, नाहीतर उरलेले क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहते.
- नागपूरच्या उन्हात बाटली डिकीत ठेवू नका. बर्फाच्या डब्यातून शक्यतो 6 तासांत प्रयोगशाळेत पोचवा.

पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय अजिबात आढळू नये, असे भारतीय मानक 10500 सांगते. हातमोजे मात्र पहिल्या दिवसापासून घाला, कारण नाग नदीत शहराचे सांडपाणी येते.