नवीन कॉर्डलेस ड्रिलने भिंतीत अर्धा इंचच भोक पडतं आणि बॅटरीही लगेच उतरते. मशीन खराब असेल का?

परत करायची घाई करू नका. आधी ट्रिगरच्या वरचं दिशेचं बटण बघा. हसू नका, माझ्या पहिल्या ड्रिलवर मी दहा मिनिटं अंगाचा भार टाकून उभा होतो आणि बिट, म्हणजे भोक पाडणारी सळी, उलटं फिरत होतं. भिंतीच्या बिटचं कार्बाइडचं टोक दांड्याला डाग देऊन, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडून, बसवलेलं असतं. फार तापलं की तो डाग सुटतो. माझं टोक भिंतीतच राहिलं.

दिशा बरोबर असेल, तर चकच्या (बिट धरणाऱ्या तोंडाच्या) मागची फिरणारी कडी हातोडीच्या चिन्हावर हवी आणि गिअर 2 वर हवा. कडीवरचे आकडे स्क्रूसाठी, तेव्हा गिअर 1.

आता भुकटीचा रंग बघा. आधी गिलाव्याची राखाडी येते, मग विटेची लाल. राखाडीच येत राहिली, बिट पुढे सरकेना आणि आवाज किणकिणता झाला, तर समोर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आहे. खिडकीवर पडद्याचा रॉड लावताना हमखास हेच होतं, कारण तिथे लिंटल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी, असतं. छोट्या कॉर्डलेसच्या हॅमरमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात, तेवढाच त्याचा दणका. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या असतो. असलं एखादं भोक असेल तर तो भाड्याने आणा. तुमच्या ड्रिलवर जोर लावलात तर भोक तसंच राहील आणि बॅटरी मात्र उतरेल. बोथट बिटनेही तेच होतं.

जाता जाता, 18 आणि 20 व्होल्टच्या फरकाला भुलू नका. दोन्हींत एका ओळीत 3.6 व्होल्टचे 5 सेल असतात. 20 हा आकडा पूर्ण चार्ज झालेल्या आणि मशीन चालू नसतानाच्या बॅटरीचा.

बॅटरी हाताला गरम लागत असेल तर लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास निवू द्या. महिनोन् महिने ठेवायची असेल तर निम्मी भरून, मशीनमधून काढून, घरातल्या थंड कपाटात ठेवा. मी एक दिवाळीनंतर रिकामीच माळ्यावर टाकली होती. मे महिन्यात चार्जरने नुसता लाल दिवा मिचकावला.

छताला भोक पाडताना प्लास्टिकच्या कपाच्या बुडातून बिट आरपार घाला, म्हणजे भुकटी कपात पडते, चकमध्ये जात नाही. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर भोक नको, तिथून वायर गेलेली असते.

भुकटी कोणत्या रंगाची येते तेवढं कळवा.