रंगवलेला चेहरा आणि कॅमेरा

प्रश्न : चेहऱ्यावर पट्टे ओढले की कॅमेऱ्याला चेहराच सापडत नाही म्हणे. नाटकात वापरता येईल का? – एक वाचक

उत्तर : ही अ‍ॅडम हार्वे या कलाकाराची २०१० मधली ‘सीव्ही डॅझल’ कल्पना. तिचा रोख चित्रात चेहरा शोधणाऱ्या २००१ च्या व्हायोला-जोन्स या संगणकीय पद्धतीवर होता. ही पद्धत उजेड-सावलीचे चौकोन ताडते : डोळे गडद, गाल आणि नाकाचं मूळ उजळ. म्हणून नाकाच्या मुळावर केसांची बट सोडा, एक डोळा झाका, दोन्ही गाल मुद्दाम विजोड रंगवा. सावळ्या कातडीवर फिकट रंग, गोऱ्या कातडीवर गडद. काजळ मात्र नको; त्यानं डोळे उलट ठसठशीत होतात. चाचणीला ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधला जुना ‘हार कॅस्केड’ (याच पद्धतीचा चेहरा-शोधक) लावा. हल्लीच्या, असंख्य चेहरे पाहून शिकलेल्या न्यूरल नेटवर्कपुढे हे सोंग सहसा टिकत नाही. रंगमंचावर कॅस्केडच दाखवा, पण तसं प्रेक्षकांना सांगा.