वाचकांचे प्रश्न: शाळा उघडताय, आधी खिडक्या उघडा

कोरोनामुळे दीड वर्ष शाळा बंद होत्या. २४ सप्टेंबर २०२१ला तेव्हाच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी जाहीर केलं की ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात ५वी ते १२वी आणि शहरात ८वी ते १२वीचे वर्ग भरणार, आणि त्या दिवसापासून या सदराकडे जे प्रश्न यायला लागलेत ते थांबतच नाहीयेत. मुख्याध्यापकांचे आहेत, आयांचे आहेत, नववीतल्या एका मुलीचा पण आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून ज्यात बऱ्याच जणांची काळजी येते असे निवडलेत. मी झेडपीच्या शाळेत शिकवलंय, नंतर केंद्रप्रमुख म्हणून १४ शाळा सांभाळल्यात, त्यामुळे सांगतेय ते शाळेच्या आवारात फिरून कळलेलं आहे. औषधपाण्याचं मात्र डॉक्टरांनाच विचारा. लशीचे आणि शाळेचे नियम इथे आहेत ते २०२१चे.

प्रश्न: ताई, आमची सातवीपर्यंतची शाळा. ५वी ते ७वी मिळून ७४ मुलं, शिक्षक ३, धड वर्गखोल्या २, तिसरी गळते. एका बाकावर एक मूल, मध्ये ६ फूट, वर्गात १५-२० मुलं असं ठरवून दिलंय. बसवू कुठं?
(मुख्याध्यापक, जुन्नर तालुका)

सर, आधी एक करा, कागद घरी ठेवा आणि शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, आशाताई असे सगळे मिळून शाळेत एक चक्कर मारा. दीड वर्ष बंद असलेली इमारत आहे ती, मधे जानेवारीत पाचवी ते आठवी भरली होती पण महिना-दीड महिन्यात परत कुलूप लागलं. कौलाखाली गांधीलमाशांची पोळी असतात, ढिगाऱ्यात साप असतो, टाकीत शेवाळ असतं, बिल थकल्यामुळे वीज तोडलेली असते. शाळेत विलगीकरण कक्ष होता का तेही बघा, असेल तर गाद्या आणि कचरा ग्रामपंचायतीकडून उचलून घ्या आणि खोली ताब्यात घेतल्याचं लेखी ठेवा.

आता बसवायचं. तुमच्या दोन खोल्या आणि एक व्हरांडा अशा तीन जागा धरा, गळकी खोली सोडून द्या, तिच्यात मुलं कोंबू नका. प्रत्येक इयत्तेचे दोन गट केले की सहा गट होतात, एका गटात १२-१३ मुलं. तीन गट सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि तीन मंगळवार-गुरुवार-शनिवार. गट पाडताना हजेरी क्रमांकाने पाडू नका, ही चूक गेल्या वर्षी मी बऱ्याच ठिकाणी बघितली. वस्तीप्रमाणे पाडा. मळ्यातली मुलं एकत्र, गावठाणातली एकत्र. ती मुलं एरवी पण दिवसभर एकमेकांबरोबरच खेळत असतात, मग शाळेमुळे त्यांच्यात नवीन संपर्क फार वाढत नाही, आणि उद्या एखादा आजारी पडला तर कुणाकुणाला घरी ठेवायचं हे पाच मिनिटांत कळतं. सख्खी भावंडं एकाच दिवशी येतील असं बघा, तेवढीच एका घराची ये-जा कमी होते.

आणि खिडक्या! समोरासमोरच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या पाहिजेत, दार उघडं पाहिजे. खोलीत कुणी बाधित असेल तर त्याच्या श्वासातून निघालेले बारीक कण बंद हवेत तासन् तास तरंगत राहतात आणि मग नुसतं ६ फूट अंतर पुरत नाही, अशा हवेतून लागण होते ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये स्पष्टपणे मान्य केलीये. आपल्याकडे बऱ्याच शाळांत एका बाजूच्या खिडक्या कायमच्या खिळे मारून बंद असतात, कुणी चोरीच्या भीतीने, कुणी पावसाच्या झडीने केलेल्या. ते खिळे काढा, बिजागऱ्यांना तेल द्या, जाळी लावा. पाठांतर, कविता, प्रार्थना असं मोठ्याने म्हणायचं सगळं झाडाखाली घ्या, कारण मोठ्याने बोलताना कण जास्त बाहेर पडतात. दुपारी ऊन चटकायला लागतं म्हणून शाळा सकाळची ठेवली तर व्हरांड्यातल्या गटाला पण बसवेल. परतीचा पाऊस आला की मात्र त्या गटाला सुट्टी द्यायची, आत कोंबायचं नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: गावातून १८ हजार लोकवर्गणी जमलीये. काही जण म्हणतात गेटवर फवारणीचा बोगदा बसवू, काही म्हणतात रोज पूर्ण शाळा औषधाने धुऊ. तुमचं मत काय?
(शाळा व्यवस्थापन समिती अध्यक्ष, माढा तालुका)

अध्यक्षसाहेब, बोगदा नको, कृपा करून नको. माणसाच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका असं जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगतेय, डोळ्यांची आग होते, दमेकरी मुलांना त्रास होतो, आणि ज्याच्या घशात विषाणू आहे त्याचा घसा काही त्याने साफ होत नाही. माझ्या ओळखीच्या एका शाळेत गेल्या वर्षी असा बोगदा बसवला, फोटो निघाले, पेपरात पण आलं, आणि त्याच शाळेत मुलींच्या शौचालयाला पाणी नव्हतं. मला ते बघून खूप वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं.

रोज धुण्याचं पण तसंच. वस्तूला हात लागून लागण व्हायची शक्यता साधारणपणे १० हजारांत १ पेक्षाही कमी असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलंय. म्हणजे बाक-दारं पुसायला साबणाचं पाणी पुरतं, दिवसातून एकदा, त्यासाठी मावशींना दिवसभर फिनाइलच्या वासात राबवू नका. तुमचे १८ हजार मी असे लावले असते: टाकी साफ करून नळाच्या सहा-आठ तोट्या ओळीने, भरपूर साबण, खिडक्यांच्या कड्या आणि जाळ्या, शौचालयात पाणी आणि आतून लागणारी कडी, आणि गावातल्याच बचत गटाकडून प्रत्येक मुलाला दोन कापडी मास्क. ताप मोजायची थर्मल गन एक पुरे. ताप नसलेला बाधित मुलगा त्या गनसमोरून आरामात आत येतो, त्यामुळे आकडा बघून निर्धास्त होऊ नका, त्यापेक्षा सकाळी घरातच आईने खोकला-ताप-जुलाब बघून मुलाला ठेवून घेणं जास्त कामाचं. पाणी-स्वच्छतेसाठी ग्रामपंचायतीला केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी येतो, ग्रामसेवकांना भेटा, सगळा भार वर्गणीवर कशाला.

प्रश्न: मुलगा सहावीत आहे. संमतीपत्र आलंय पण सही करायला हात धजत नाही. घरी सासरे आहेत, त्यांना दमा आहे. मुलांना तर लसच नाही. काय करू?
(एक आई, सिन्नर तालुका)

ताई, तुमची भीती अगदी खरी आहे आणि सही केलीच पाहिजे अशी सक्ती कुणी करू शकत नाही, हजेरी ऐच्छिक आहे. पण दोन गोष्टी ऐका. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्त तपासून पाहिलं तेव्हा ६ ते ९ वयाच्या ५७ टक्के आणि १० ते १७ वयाच्या जवळजवळ ६२ टक्के मुलांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या. म्हणजे शाळा बंद असतानाही निम्म्याहून जास्त मुलांना होऊन गेलं, बहुतेकांच्या घरात कळलंसुद्धा नाही. मुलांना गंभीर आजार क्वचित होतो म्हणून तर आयसीएमआरचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी जुलैत म्हटलं होतं की शाळा सुरू करायच्या तर प्राथमिकपासून करणं शहाणपणाचं. आपल्याकडे उलटं झालंय, मोठे वर्ग आधी. माझं मन विचाराल तर पहिली-दुसरीची लेकरं अजून घरात बसलीयेत याचा मला जास्त त्रास होतो, कारण त्यांनी अक्षर ओळखायच्या वयात शाळाच बघितली नाही.

दुसरी गोष्ट सासऱ्यांची. धोका खरा त्यांना आहे, तर लस पण त्यांना हवी. दोन्ही डोस झालेत का? कोविशील्ड लशीचा पहिला झाला असेल तर ८४ दिवस झाले की (हा २०२१चा नियम) दुसरा घ्यायला लावा, आणि तुम्ही दोघं नवरा-बायको पण घ्या. मुलगा शाळेतून आला की हातपाय धुऊन कपडे बदलू दे, आजोबांजवळ बसायचं तर अंगणात बसू दे, महिनाभर त्यांच्या शेजारी झोपवू नका. शाळेत जाऊन एकदा वर्ग स्वतः बघा, शिक्षकांना विचारा तुमचे डोस झाले का, विचारायला लाजू नका. सगळं बघून समाधान झालं तर सही करा, नाही झालं तर पंधरा दिवसांनी करा, नाव काही कमी होत नाही.

प्रश्न: शाळा ४ तारखेला उघडणार आणि आमच्या वस्तीतली माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणार. मुलं दहा दिवस येतील आणि जातील. मी काय नियोजन करू, सांगा.
(शिक्षिका, गेवराई तालुका)

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. यंदा, म्हणजे २०२१ ला, कारखान्यांचं ऊस गाळप १५ ऑक्टोबरपासून आहे आणि दसराही त्याच दिवशी, म्हणजे तुमच्या हातात खरंच दहा दिवस आहेत. तेव्हा ४ तारखेची वाट बघू नका, आजच वस्तीवर जा. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून कोण कोण कोयता घेतंय, म्हणजे तोडीचं काम पत्करतंय, ते विचारा, ज्या घरात आजी-आजोबा मागे राहतायत तिथलं मूल आजीजवळ ठेवता येईल, जिथे कुणीच नाही तिथल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीचा ठराव घेऊन लगेच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. हंगामी वसतिगृह नावाला वसतिगृह, प्रत्यक्षात मूल गावातच राहतं आणि दोन्ही वेळचं जेवण मिळतं, आई-बापाला एवढं पटलं की ते मुलाला मागे ठेवतात. सातवी-आठवीच्या मुलींच्या घरी तर आधी जा. दीड वर्ष शाळा नाही म्हटल्यावर बऱ्याच घरांत स्थळं बघायला सुरुवात झालीये, काहींची लग्नं उरकलीत सुद्धा. मुलगी पटावर आहे एवढं पाहून थांबू नका, ती घरात आहे का ते डोळ्यांनी बघा. आणि जे मूल जाणारच आहे त्याच्याबरोबर पुस्तकं, शिक्षण हमी पत्र आणि तुमचा फोन नंबर द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येईल. मास्क-सॅनिटायझरचं नियोजन लोक करतील, हे तुमच्याशिवाय कुणी करणार नाही.

प्रश्न: मी नववीत आहे. सातवीची परीक्षा झाली नाही, आठवी मोबाईलवर गेली, मोबाईल पप्पांचा, ते संध्याकाळी यायचे. आता मला गणित काहीच येत नाही आणि वाचताना पण अडखळते. वर्गात उभं केलं तर?
(एक विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा)

बाळा, तू हे लिहिलंस हेच मला फार आवडलं. तुझ्यासारखी तू एकटी नाहीस गं. ऑगस्टमध्ये देशातल्या १५ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत गरीब घरांतल्या १४०० च्या आसपास मुलांना भेटून एक पाहणी झाली, त्यात खेड्यातली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुलं अजिबातच शिकत नव्हती. म्हणजे तुझ्या वर्गात बरीच जणं अशीच धडधडत्या छातीने येणारेत. तू पहिल्याच दिवशी बाईंना एकटीने भेटून सांग की मला सातवीपासून समजून घ्यायचंय. आणि शिक्षक हो, तुम्ही हे वाचत असाल तर पहिले पंधरा दिवस नववीचं पुस्तक उघडू नका, कुणाला उभं करून वाचायला लावू नका, चाचणी घ्यायची तर नाव न लिहिता घ्या. मुलं घरातली माणसं गमावून आलीयेत काही ठिकाणी, आधी त्यांना बोलू द्या.

प्रश्न: एखादं मूल पॉझिटिव्ह आलं तर पूर्ण शाळा बंद करायची का? गावात लगेच आरडाओरडा होतो.
(शिक्षक, कणकवली तालुका)

सर, आरडाओरडा होतो तो आधी ठरवलेलं नसतं म्हणून. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना शाळा सुरू व्हायच्या आधीच एकदा बोलवा आणि पालकांसमोर त्यांच्याच तोंडून सांगू दे की काय होणार. शाळा बंद ठेवायची की चालू हा निर्णय स्थानिक प्रशासनाचा आणि त्यांचा, तुम्ही त्यांना त्याच दिवशी कळवायचं. पण वर जुन्नरच्या सरांना सांगितलेत तसे गट न मिसळता ठेवले असतील तर तपासणी कुणाची करायची ती यादी तुमच्याकडे तयार असते, आणि डॉक्टर पण मग अख्खी शाळा बंद करा म्हणायच्या आधी विचार करतात. २०२१च्या नियमाप्रमाणे बाधित मूल लक्षणं दिसल्यापासून किमान १० दिवस घरी, आणि त्यातले शेवटचे ३ दिवस ताप नको. त्या मुलाचं नाव ग्रुपवर टाकू नका. गेल्या वर्षी असं नाव फिरलं आणि त्या घराला किराणा द्यायला पण लोक तयार नव्हते, हे मी माझ्या शेजारच्या गावात बघितलंय. त्या मुलाचा अभ्यास कोण पोचवणार तेवढं मात्र पहिल्याच दिवशी ठरवा, शेजारचा मुलगा कुंपणावरून वही देऊ शकतो, आणि बरं होऊन परत आलं की बाईंनी स्वतः दारात जाऊन त्याला आत घ्यावं.