वाचून झालं की लगेच प्रश्न नको

“मॅडम, मुलगा वाचतच नाही हो. पुस्तकं आणून आणून थकलो.” वडोदऱ्यात माझ्याकडे येणाऱ्या मराठी आईबाबांचं हे नेहमीचं गाऱ्हाणं. त्यातल्या एका घराचा अनुभव, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते.

मुलगा चौथीत, इंग्रजी माध्यमात. घर दांडिया बाजारच्या बाजूला. घरात मराठी, खाली खेळायला गेला की गुजराती. आवडीनिवडीचं बोलण्याआधी मी दोन गोष्टी पाहते: डोळे तपासलेत का, आणि अक्षरं जुळवताना मूल अडतंय का. ओळ सारखी सुटत असेल, अक्षरांची अदलाबदल होत असेल, अर्ध्या पानातच मूल दमत असेल, तर कृपा करून त्याला आळशी म्हणू नका, तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. या मुलाचं तसं काही नव्हतं. वाचता छान येत होतं.

मग आईला म्हटलं, घरी वाचून घेता तसंच इथे घ्या. मुलगा मोठ्याने वाचू लागला. दर वाक्याला पानावरची नजर काढून आईच्या चेहऱ्याकडे बघायचा. आई लगेच, “समजलं का? सांग बरं, कोण कोणाला म्हणालं?” पान संपेपर्यंत तिने असे चार-पाच प्रश्न विचारले. शाळेतही लायब्ररीच्या तासाला नेलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहीत लिहायचा असे. त्यात बाबांनी पुस्तकामागे दहा रुपये लावलेले, म्हणून पोरगा कपाटातलं सगळ्यात पातळ पुस्तक शोधायचा.

आम्ही बोलत होतो तेव्हा माझ्या टेबलावर गुजराती पेपर पडला होता. विश्वामित्री नदीतली मगर वस्तीत शिरली, तिला पकडून नेलं, अशी फोटोसकट बातमी. वडोदऱ्यात पावसाळ्यात हे नवीन नाही. मुलाने उभ्या उभ्या ती बातमी शेवटपर्यंत वाचली, मग परत फोटोखालच्या ओळी वाचल्या. त्या वेळी त्याने कोणाच्याच तोंडाकडे पाहिलं नाही. आईला मी खुणेनेच गप्प राहायला सांगितलं.

मला काय म्हणायचंय ते त्या माउलीला तिथेच समजलं. मुलाला वाचनाचा कंटाळा नव्हता, वाचनामागून येणाऱ्या परीक्षेचा होता. म्हणून सगळ्यात आधी प्रश्न बंद करायला सांगितले. त्याने आपणहून सांगितलं तर मन लावून ऐकायचं, नाही सांगितलं तर विषय सोडायचा. दहा रुपयेही बंद. 1973 साली अमेरिकेत बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. ज्यांना चित्र काढण्याआधी बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. बाबांना हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

पुस्तकं काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर होती. ती खाली, त्याच्या गादीजवळ आणायला सांगितली. आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको खरं तर. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकलेलं टिकायचं तर हाताशी वाचायला काही हवं, हे ओळखून 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. पेट्यांत भरून पुस्तकं खेडोपाडी जात. वाचणाऱ्याची वाट बघत न बसता पुस्तक त्याच्या दारी जायचं! ती सोय निदान आपल्या घरातल्या पोराला तरी मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

शाळेत वर्गशिक्षिकेशी बोलले. सारांशाची वही एकदम बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं, पण लायब्ररीच्या तासातली शेवटची पंधरा मिनिटं त्यांनी मोकळी ठेवली. त्या वेळात ज्याने त्याने हवं ते वाचायचं, बाईंनीसुद्धा स्वतःचं पुस्तक काढून वाचायचं. मुलं बाईंना अभ्यासाशिवाय काही वाचताना बघतात, याचं मोल मोठं आहे.

पुढच्या खेपेला मुलगा दारातूनच सांगत आला, “मॅडम, मगरीची अंडी किती गरम राहिली त्यावरून आत नर की मादी ते ठरतं, माहितीये?” मला कुठे पुरतं माहीत होतं! पुस्तक मागवलं, आणि त्याने पान काढून दाखवलं.

आईचा प्रश्न उरलाच होता: “पण हा गोष्टी कधी वाचणार? आणि मराठी?” मी म्हटलं, मगरी वाचतोय तर मगरी वाचू द्या, गुजरातीत तर गुजरातीत. कॉमिक्सही चालतील. मराठीसाठी आजी आहेत ना? रात्री झोपताना दहा मिनिटं आजींनी वाचून दाखवायचं. मूल स्वतः वाचू लागलं की आपण वाचून दाखवणं थांबवतो, ते थांबवू नये. कानावर पडलेली भाषा पुढे वाचताना ओळखीची वाटते. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर आहेत, आजींना तेच सुचवले. आता आजी मुद्दाम ऐन रंगात आलेल्या जागी थांबतात म्हणे, आणि उरलेलं पान तो त्यांच्या हातातून ओढून घेतो.