वाचक विचारतात

प्रश्न : इंग्रजांनी एडनसारखा उजाड खडक कशाला बळकावला?

उत्तर : कोळशासाठी! एडन म्हणजे तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळचं, आजच्या येमेनमधलं बंदर; मुंबई-सुएझच्या वाटेवरचं. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळायचा, पण आगबोट पडली खादाड. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० साली सुएझला निघाली, तेव्हा कोळसा कोठारात मावेना म्हणून प्रवाशांच्या खोल्यांतही भरला होता. मला ते दृश्य फार आवडतं : बिछान्याच्या जागी कोळशाचा ढीग! एवढं करूनही एडनला पोचेपर्यंत कोळसा जवळजवळ संपलाच होता. मग अशा वाटेवर हक्काचं कोठार नको?

जानेवारी १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सच्या तुकडीने एडन घेतलं. निमित्त होतं एका लुटलेल्या जहाजाचं. माझ्या मते निमित्तच. कारभार मात्र १९३२ पर्यंत मुंबई सरकारकडे होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. समुद्री वाटांवरची जिब्राल्टर, माल्टा, सिंगापूर ही ठाणी इंग्रजांच्या आधीच हाती होती; एडन त्याच माळेतलं. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, युरोपची जहाजं एडनवरून जाऊ लागली आणि त्याचं नशीबच फळफळलं. पुढे इंग्रजांचं आरमार कोळसा सोडून तेलावर गेलं, तरी तळ काही सुटला नाही. इंग्रज तिथून हलले ते थेट नोव्हेंबर १९६७ मध्ये.